हिटमॅनचा सातबारा कोणाच्या नावावर?

११ मे २०१७ ला स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने एक छोटी नोटीस काढली, शेअरहोल्डरांसाठी असते तशी कोरडी. डेन्मार्कमधल्या आयओ इंटरॅक्टिव्ह या गेम बनवणाऱ्या आमच्या उपकंपनीतून आम्ही ३१ मार्चपासून अंग काढून घ्यायचं ठरवलंय, त्यापायी ४८९.८ कोटी येनचा तोटा धरलाय, स्टुडिओसाठी बाहेरचा गुंतवणूकदार शोधतोय पण बोलणी यशस्वी होतीलच याची खात्री देता येत नाही. बस, इतकंच. तो तोटा तेव्हाच्या दराने साधारण पावणेतीनशे कोटी रुपयांच्या घरात जातो. हिटमॅन ही या स्टुडिओची व्हिडिओ गेम मालिका, सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एका टकल्याची. ती खेळणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यातून एकच अर्थ काढला, टकल्या संपला.

पण तो संपला नाही. पुढच्या चार वर्षांत त्याच स्टुडिओने दोन मोठे हिटमॅन काढले, त्यातला दुसरा तर स्वतःच पब्लिश केला, म्हणजे बाजारातही स्वतःच आणला, आणि मग जेम्स बाँडचा गेम हाती घेतला. हे कसं जमलं याचं उत्तर माझ्या मते एकच आहे आणि ते तेव्हाच्या बातम्यांमध्ये शेवटच्या परिच्छेदात असायचं, की वेगळं होताना हिटमॅनचे हक्क स्टुडिओकडे आले. मला यावर नीट लिहायचंय कारण आमच्या ग्रुपमध्ये हा विषय निघाला की सगळे पब्लिशर वाईट आणि स्टुडिओ बिचारा इथवर येऊन थांबतात, आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. आयओ इंटरॅक्टिव्ह १९९८ मध्ये कोपनहेगनला सुरू झाला. २००० साली पहिला हिटमॅन आला, कोडनेम ४७, पब्लिशर होता ब्रिटनचा आयडोस. मग २००२ मध्ये सायलेंट असॅसिन आला, आपल्याकडे सायबर कॅफेंमध्ये ज्याच्यावर पोरं तुटून पडायची तो. त्यातल्या काही लेव्हल पंजाबातल्या होत्या आणि एका लेव्हलमधलं मंदिर हरमंदिर साहिबसारखं दिसतं, तिथे शीख माणसं मारली जातात म्हणून शीख समाजाने जोरदार आक्षेप घेतला होता, नंतरच्या आवृत्तीत तो भाग बदलला. २००४ मध्ये आयडोसने आख्खा स्टुडिओच विकत घेतला. २००६ चा ब्लड मनी आजही जुन्या खेळाडूंचा जीव की प्राण आहे. आणि २००९ मध्ये स्क्वेअर एनिक्सने आयडोस विकत घेतलं, त्यामुळे टूम्ब रेडर, डेउस एक्स या गेम मालिकांबरोबर आयओ आणि हिटमॅनसुद्धा जपानी मालकाकडे गेले. कोपनहेगनमध्ये टेबलावर बसून लेव्हल बनवणाऱ्याला यात कोणी विचारलं नव्हतं, वरचा मालक विकला गेला की खालचे सगळे आपोआप विकले जातात.

आणि इथेच एक गोष्ट समजून घ्यायला हवी जी आपण खेळणारे सहसा बघत नाही. स्टुडिओ आणि पब्लिशरचं नातं दोन प्रकारचं असतं. एकात स्टुडिओ स्वतंत्र असतो, पब्लिशर त्याला अॅडव्हान्स देतो, टप्प्याटप्प्याने, म्हणजे अमुक तारखेला अमुक इतकं काम चालतंय असं दाखवा मग पुढचा हप्ता, आणि गेम विकायला लागला की स्टुडिओच्या वाट्यातून आधी तो अॅडव्हान्स वळता करून घेतात, तो फिटल्यावर जे उरेल ते स्टुडिओला. बरेच स्टुडिओ ते फिटेपर्यंतच दमतात. दुसऱ्या प्रकारात पब्लिशर हाच मालक असतो, पगार तोच देतो, नफातोटा त्याचा आणि गेमचं नाव, पात्रं, कोड सगळंच त्याचं. आयओ दुसऱ्या प्रकारात होता. म्हणून मला तो सातबारा आठवतो. पिढ्यान्‌पिढ्या घाम कोणीही गाळला असला तरी तलाठ्याच्या दप्तरात नाव कोणाचं आहे तेच शेवटी चालतं.

स्क्वेअर एनिक्सचं आणि आयओचं बिनसलं कधी, तर माझ्या मते २०१२-१३ पासूनच. हिटमॅनचा पुढचा भाग अॅब्सोल्यूशन आला नोव्हेंबर २०१२ मध्ये, मार्च २०१३ पर्यंत ३६ लाख कॉपी गेल्या. कुठल्याही स्टुडिओने पेढे वाटावेत असा हा आकडा, पण स्क्वेअर एनिक्सने स्लीपिंग डॉग्ज, अॅब्सोल्यूशन आणि नवा टूम्ब रेडर या आपल्या तीन गेमकडून अपेक्षा इतक्या मोठ्या ठेवल्या होत्या की तिन्ही मिळून कमी पडले असं जाहीर झालं, अध्यक्ष योइची वाडा पायउतार झाले आणि योसुके मात्सुदा त्या खुर्चीत आले. त्याच वर्षी जूनमध्ये आयओमधली जवळपास निम्मी माणसं घरी गेली. ३६ लाख कॉपी विकून निम्मी माणसं घरी, हे गणित मला आजही पटत नाही. गेम बनवायला किती खर्च करायचा आणि किती विकला तर चालेल हे ज्याने ठरवलं त्याची चूक असेल तर त्याची किंमत लेव्हल डिझायनरने का भरायची?

मग आला २०१६ चा हिटमॅन, नाव नुसतंच हिटमॅन. हा गेम म्हणजे त्यांनी ब्लड मनीकडे परत फिरून केलेलं काम. पॅरिसमधला फॅशन शो, इटलीच्या किनाऱ्यावरचं सापिएन्झा गाव, माराकेश, बँकॉक, कोलोराडो, होक्काइडो. प्रत्येक लेव्हल इतकी मोठी आणि इतकी गुंतलेली की एकच लेव्हल परत परत खेळली तरी नवीन काहीतरी हाताला लागतं. आचारी बनून जेवणात विष घाला, वेटर व्हा, नाहीतर कोणालाही हात न लावता डोक्यावरचं झुंबरच खाली पाडा. पण विकायची पद्धत अशी निवडली की लोकांना समजलंच नाही. आधी डिसेंबर २०१५ ची तारीख, त्यातही थोडा आता आणि थोडा नंतर, मग ती पुढे ढकलली, मग शेवटी पूर्णपणे एपिसोडमध्ये, मार्च २०१६ ला पॅरिस आणि मग ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत एकेक शहर. डिस्क आली ती थेट जानेवारी २०१७ मध्ये. कितीतरी लोकांनी म्हटलं, पूर्ण होऊ दे मग घेऊ, आणि पूर्ण होईपर्यंत विसरून गेले. शिवाय इंटरनेट गेलं की प्रगती, अनलॉक, सगळं अडकायचं, यावरून जगभर बोंब झाली होती आणि ती रास्त होती.

पण ज्यांनी खेळला त्यांनी डोक्यावर घेतला. मला वाटतं दर महिन्या-दोन महिन्यांनी एकच शहर मिळाल्यामुळेच लोकांनी ते शहर कोपरा न कोपरा पिंजून काढलं, सगळे एकदम हातात आले असते तर आपण धावत सुटलो असतो. म्हणजे गेमसाठी जे चांगलं झालं तेच विक्रीला मारक ठरलं. आणि आर्थिक वर्ष संपलं ३१ मार्च २०१७ ला, त्यानंतर सहा आठवड्यांत ती नोटीस.

त्या मे महिन्यात आयओने पुन्हा माणसं कमी केली. आता त्या लोकांच्या जागी उभं राहून बघा, मालक म्हणतो मला तुम्ही नकोत, गिऱ्हाईक शोधतोय, मिळालं तर बरं. गिऱ्हाईक मिळालं तर तो नवा मालक काय करेल सांगता येत नाही, नाही मिळालं तर कुलूप. आणि या दोन्हीत हिटमॅन हे नाव स्क्वेअर एनिक्सच्याच कपाटात राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती, कारण सगळीकडे तेच होतं. बंजी स्टुडिओने हेलो ही गाजलेली गेम मालिका बनवली, २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टपासून वेगळे झाले, हेलो मागे राहिला आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुसरा स्टुडिओच उभा केला. बंजीची माणसं चांगली होती म्हणून त्यांनी शून्यातून डेस्टिनी केला, पण सगळ्यांना शून्यातून ते जमत नाही, बहुतेकांना जमत नाही. नाव मागे राहिलं की स्टुडिओकडे उरतात खुर्च्या, कॉम्प्युटर आणि पगार द्यायची चिंता.

१६ जून २०१७ ला बातमी आली की आयओच्या मॅनेजमेंटनेच कंपनी विकत घेतली, सीईओ हाकान अब्राक यांच्या पुढाकाराने, आणि हिटमॅनचे सगळे हक्क स्टुडिओकडे राहणार. फ्रीडम फायटर्स या त्यांच्याच दुसऱ्या गेमचेसुद्धा. केन अँड लिंच आणि मिनी निंजाज मात्र स्क्वेअर एनिक्सकडे राहिले, हे दोन्ही आयओनेच बनवले होते बरं का, त्यामुळे सगळंच दिलं असं नाही. पण जे द्यायला हवं होतं ते दिलं. मात्सुदांनी नंतर मुलाखतीत असं सांगितलं की हिटमॅन पुढे चालू राहायचा असेल तर तो आयओनेच बनवायला हवा, त्यात खरा अर्थ आहे, म्हणून स्टुडिओकडे हक्क जातील अशी बोलणी केली. इथे मी स्क्वेअर एनिक्सला मनापासून दाद देतो. त्यांच्या बाजूने बघितलं तर तोटा पुस्तकात धरून झाला होता, नाव दाबून ठेवलं असतं तर दहा वर्षांनी कोणाला तरी विकून चार पैसे मिळाले असते, तसं करणाऱ्या कंपन्या ढिगाने आहेत. त्यांनी तसं केलं नाही. कोणी म्हणेल यात त्यांचाही हिशेब असणार, असेलही, पण त्या हिशेबात गेम बनवणाऱ्यांना जागा होती हे तर खरं.

स्वतंत्र झाल्यावर आयओने पहिलं काम काय केलं तर गेमचा सुरुवातीचा भाग फुकट करून टाकला. त्याच महिन्यात. खिशात पैसे नसताना हे करायला धाडस लागतं, पण त्यांना बरोबर माहीत होतं की त्यांचा प्रॉब्लेम गेम वाईट असण्याचा नाही, लोकांनी हात न लावण्याचा आहे. मग नोव्हेंबरमध्ये नवीन छोट्या मोहिमेसकट गेम ऑफ द इयर एडिशन काढली. दोन्ही निर्णय झटपट, कारण आता वर विचारायला कोणी नव्हतं.

आणि मग २०१८ मध्ये हिटमॅन २, पब्लिशर वॉर्नर ब्रदर्स. तेव्हा काही लोक म्हणाले हे काय, एका पब्लिशरमधून सुटले आणि दुसऱ्याच्या दारात गेले. मी तर म्हणेन की फरक इथेच दिसतो. वॉर्नरने गेम विकला, डिस्क दुकानात पोचवल्या, जाहिराती केल्या, पण हिटमॅन त्यांचा नव्हता. एका गेमपुरता व्यवहार, तो झाला की नमस्कार. नाव आपल्याकडे असलं की पब्लिशर हा भागीदार असतो, बदलता येतो. तिसऱ्या भागाला आयओने बदललाच, वॉर्नरऐवजी स्वतः.

हिटमॅन २ मध्ये मुंबई आहे आणि इथे थोडा वेळ थांबणार, कारण मराठी माणसाने हिटमॅनबद्दल लिहावं आणि मुंबई वगळावी हे होणे नाही. मिशनचं नाव चेसिंग अ घोस्ट. तीन टार्गेट. एक दाऊद रंगन, बिल्डर, अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या वर स्वतःच्या पिक्चरचं शूटिंग चालवणारा. दुसरी वान्या शाह, झोपडपट्टीवर राज्य करणारी, रेल्वे यार्डात जिचा अड्डा. आणि तिसरा वझीर काळे. काळे! समुद्री चाचा आणि आडनाव काळे, टोपणनाव मेलस्ट्रॉम, डॅनिश स्टुडिओला हे आडनाव सापडलं कुठून देव जाणे पण मला फार आवडलं. त्याचा चेहरा कोणाला माहीत नाही, गेम तुम्हाला बाण दाखवत नाही की हा बघ हा, आधी चाळीतून, बोळांतून, गर्दीतून फिरत त्याच्या माणसांच्या मागे राहून तो कोण हे ओळखायचं. एक रस्ता असा आहे की चाळीतल्या न्हाव्याचे कपडे चढवायचे, दुकानात उभं राहायचं, आणि हा पठ्ठ्या दाढी करायला स्वतःहून खुर्चीत येऊन मान मागे टाकतो. हातात वस्तरा. तुम्ही ठरवा. बाहेर लोक चालतायत, कोणाचं लक्ष नाही, आणि तेवढ्या क्षणात आपला हात खरंच थबकतो.

त्याच लेव्हलमध्ये आणखी एक सुपारीबाज आहे, काश्मिरियन म्हणतात त्याला. तो कुठे नेम धरून बसणार ते शोधून काढलं की टार्गेटला बरोबर त्याच्या नेमापुढे आणून उभं करायचं, गोळी तो झाडणार, पैसे तुमचे. रंगनला त्याच्या सेटवरच्या भल्यामोठ्या पंख्याने टॉवरवरून उडवता येतं, नाहीतर चित्रकार बनून त्याचं पोर्ट्रेट काढायला बोलावून एकटं गाठता येतं. या तीन लोकांच्या दिनक्रमाचे दोरे एकमेकांत असे गुंतवलेत की एका टोकाला ओढलं की दुसरीकडे काहीतरी हलतं. मुंबई म्हणजे झोपडपट्टी आणि बॉलिवूड हे बाहेरच्यांचं ठरलेलं चित्र इथेही आहे, ते मला खटकलं आणि खटकायला हवं. पण चाळीची दाटी, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत डोकावणं, वर वाढत चाललेला टॉवर आणि त्याच्या सावलीत खाली चाललेली कपड्यांची धुलाई, यात कोणीतरी जीव ओतलाय हे खेळताना जाणवतं. आणि ही लेव्हल आयओला कुलूप लागलं असतं तर झालीच नसती, हे मला मुंबई खेळताना दर वेळी आठवतं.

हिटमॅन ३ आला २० जानेवारी २०२१ ला, पब्लिशर आयओ स्वतः. प्रॉडक्शनचा खर्च आठवड्याच्या आत वसूल झाला असं अब्राक यांनी सांगितलं. ज्या मालिकेपायी चार वर्षांपूर्वी कोट्यवधी येनचा तोटा लिहिला गेला तीच मालिका! २०२३ मध्ये तर त्यांनी तिन्ही भाग एकत्र करून वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन असा एकच गेम केला, पॅरिसपासून मुंबई, दुबईपर्यंत सगळी शहरं एका मेनूत. जरा विचार करा, पहिला भाग स्क्वेअर एनिक्सच्या काळातला, दुसरा वॉर्नरने पब्लिश केलेला, तिसरा स्वतःचा. हक्क तीन ठिकाणी विखुरलेले असते तर वकिलांच्या पत्रापत्रीतच हे मेलं असतं.

आता सगळं गोडगोड नाही. स्वतंत्र झाले म्हणून आयओ धुतल्या तांदळासारखे झाले असं कोणी समजू नये. तिसरा भाग पीसीवर सुरुवातीला फक्त एपिक या ऑनलाइन दुकानात आला आणि ज्यांच्याकडे दुसरा भाग स्टीम या दुसऱ्या दुकानातला होता त्यांना जुन्या लेव्हल नवीन गेममध्ये आणता येईनात, लोक भडकले, मग धावपळ करून ते सोडवलं. त्याच वर्षी गॉग या ऑनलाइन दुकानात पहिला भाग ठेवला, जिथे लोक जातातच मुळी डीआरएम, म्हणजे गेमवरचं डिजिटल कुलूप, नको म्हणून, आणि गेम इंटरनेट मागत होता, काही दिवसांत तो तिथून काढावा लागला. या वेळी जपानी मालकाला बोल लावायची सोय नव्हती. ऑनलाइन सक्तीचा हट्ट वरून लादलेला आहे अशी २०१६ मध्ये बऱ्याच जणांची समजूत होती, ती यानंतर राहिली नाही. तो हट्ट आयओचा स्वतःचाच आहे आणि तो मला आजही मान्य नाही.

आणि नुसतं स्वतंत्र होऊन सगळं भागतं असंही नाही. तो बंजी बघा ना, दुसऱ्या वेळी शहाणे झाले, अॅक्टिव्हिजन या पब्लिशरबरोबर २०१० मध्ये दहा वर्षांचा करार केला, १० जानेवारी २०१९ ला मुदतीआधीच वेगळे झाले आणि या वेळी डेस्टिनीचे हक्क घेऊन निघाले. स्टुडिओत जल्लोष झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०२२ मध्ये सोनीने त्यांना ३६० कोटी डॉलरला घेतलं. जुलै २०२४ मध्ये २२० लोकांना काढलं. हक्क हातात होते, पैसा होता, पण पाय अंथरुणाबाहेर गेले, एकाच वेळी कितीतरी प्रोजेक्ट काढून बसले. आयओने मात्र बराच काळ एकच मालिका धरून ठेवली, तेच इंजिन, तीच पद्धत, दर भागात थोडं पुढे. त्यांच्याकडे दुसरा पर्यायही नव्हता म्हणा.

याउलट जे स्क्वेअर एनिक्सकडेच राहिले त्यांचं काय झालं ते बघितलं की पोटात कालवतं. मे २०२२ मध्ये स्क्वेअर एनिक्सने क्रिस्टल डायनॅमिक्स, आयडोस माँट्रियल आणि स्क्वेअर एनिक्स माँट्रियल हे तिन्ही स्टुडिओ टूम्ब रेडर, डेउस एक्ससकट स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुपला ३० कोटी डॉलरला विकले. त्यातला स्क्वेअर एनिक्स माँट्रियल म्हणजे हिटमॅन गो बनवणारे, मोबाइलवरचा तो सुंदर पटासारखा गेम. ऑक्टोबरमध्ये त्यांचं नवीन नाव ठेवलं ओनोमा, आणि काही आठवड्यांत, १ नोव्हेंबरला, एम्ब्रेसरने तो बंद करत असल्याचं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये आयडोस माँट्रियलमधून ९७ लोक गेले, चालू असलेला डेउस एक्स रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. आयओ २०१७ मध्ये नकोसा झाला म्हणून २०२२ च्या त्या सौद्यात नव्हता. ज्या नोटिशीने आमच्या पोटात गोळा आला होता तिच्यामुळेच ते या सगळ्यातून वाचले.

आपल्याकडचं बोलायचं तर पुण्यात आणि मुंबईत गेमचं काम खूप चालतं पण बरंचसं दुसऱ्यांच्या नावाचं. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या पुणे-मुंबई स्टुडिओंना प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइम या गाजलेल्या गेमचा रीमेक मिळाला तेव्हा, म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये, किती कौतुक वाटलं होतं, इथली पोरं एवढं मोठं नाव करतायत! ट्रेलरवर जगभरातून टीका झाली, आणि मे २०२२ मध्ये तो प्रोजेक्ट युबिसॉफ्टच्याच माँट्रियल स्टुडिओकडे गेला. नाव युबिसॉफ्टचं, स्टुडिओ युबिसॉफ्टचा, त्यामुळे पुण्यातल्या टीमच्या हाती काय होतं, काहीच नाही. दुसरीकडे पुण्यातलाच नॉडिंग हेड्स हा छोटा स्टुडिओ. राजी या गेमसाठी त्यांची किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करायची मोहीम फसली, तरी तग धरला, पब्लिशर मिळाला आणि २०२० मध्ये गेम बाहेर आला. गेम छोटा आहे, लढाई थोडी ओबडधोबड वाटते, पण ती गोष्ट आणि ती चित्रं त्यांची आहेत. मला कोणी कॉलेजातलं पोरगं विचारतं की गेम बनवायचाय, पब्लिशरशी बोलणी चाललीत, तेव्हा मी सांगतो की अॅडव्हान्स किती ते नंतर बघ, वेगळं व्हायची वेळ आली तर नाव कोणाकडे राहणार हा क्लॉज आधी वाच, आणि वकिलाला दाखव.

आयओबद्दल मला आता दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली म्हणजे ते स्वतः दुसऱ्यांचे पब्लिशर व्हायला गेले. जून २०२५ मध्ये त्यांच्या आयओआय पार्टनर्स या पब्लिशिंग विभागाने माइंड्सआय हा बिल्ड अ रॉकेट बॉय या स्टुडिओचा गेम आणला, तो इतक्या बग्सनी भरलेला होता की चेष्टेचा विषय झाला आणि त्या स्टुडिओत मोठी कपात झाली. ज्यांनी टेबलाच्या त्या बाजूचं सगळं भोगलंय ते या बाजूला बसल्यावर कसे वागले हे मला खरंच जाणून घ्यायचंय, त्यांनी यावर कधीतरी मोकळेपणी बोलावं.

दुसरी काळजी बाँडची. ००७ फर्स्ट लाइट मार्च २०२६ मध्ये यायचा होता, तो मेवर ढकलला. ट्रेलर बघितलेत, तरुण बाँड, वेषांतर, थापा मारून आत शिरणं, यात हिटमॅनची माणसं दिसतात आणि मी घेणार आहेच. पण बाँड त्यांचा नाही. लायसन्सवर आहे, आणि २०२५ मध्ये बाँडचा क्रिएटिव्ह ताबा त्याचे चित्रपट काढणाऱ्या ब्रोकोली-विल्सन कुटुंबाकडून अॅमेझॉनकडे गेला, म्हणजे गेम अर्ध्यात असताना वरचा माणूस बदलला, आयडोस आणि स्क्वेअर एनिक्सच्या वेळी झालं तसंच. अब्राक यांना बाँडची तीन भागांची मालिका करायची इच्छा आहे. पहिला भाग चालला तर पुढचे दोन कोण बनवणार हे कोपनहेगनमध्ये बसून एकट्याने ठरवता येणार नाही. हिटमॅनचं तसं नाही, तो त्यांच्या नावावर आहे, आणि म्हणून बाँड चालो न चालो, मला पुढच्या हिटमॅनच्या घोषणेची वाट बघायचीय. जमलं तर त्यात कोल्हापूर घ्या म्हणावं, रंकाळ्याच्या काठावर टकल्या भेळ विकताना बघायला मला फार आवडेल.